हार्लनची निळी बाटली

डार्ला स्टकी एका दुपारी कलावंत झाली. मला पक्कं माहीत आहे, कारण तिच्या आणि माझ्या मागच्या अंगणात फक्त कमरेएवढं कुंपण आहे आणि त्याच कुंपणावरून तिने मला हाक मारून ही बातमी दिली.

"बर्नी, ए बर्नी, इकडे ये. मी आजपासून कलावंत."

तिच्या तळहातावर खोकल्याच्या गोळीएवढा काचेचा तुकडा होता. लाल, आणि मधोमध हिरवा ठिपका. मी चष्मा वर करून पाहिला आणि म्हटलं, "छान. लहान पोरांच्या हाती लागू देऊ नकोस, गिळतील."

तिला राग आला नाही. डार्लाला टोमणा कळतच नाही, किंवा कळून न कळल्यासारखं करते. इतकी वर्षं शेजारी राहून मला अजून ते उमगलेलं नाही.

मी मातीची भांडी करते. माझ्या शेडमध्ये विटांची भट्टी आहे, आत माणूस उभा राहील एवढी. ती पेटवायची म्हणजे पहाटे उठायचं, दिवसभर तिच्याजवळ बसायचं, आणि मग ती निवेपर्यंत जीव मुठीत धरून वाट बघायची. एवढं करून निम्मी भांडी वाकडी निघतात. डार्लाची भट्टी म्हणजे एक पांढरा गोल डबा, हातात घेतला तर पावाइतका हलका. त्याच्या झाकणाला आतून काळा लेप असतो. डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की तो लेप तापून लाल होतो आणि खालची काच वितळवतो. तळाला न जळणारा खास कागद, कागदावर काचेचे तुकडे, वर झाकण, संपलं. सूप गरम व्हायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. झाकणाच्या भोकातून नारिंगी उजेड दिसला की जाड हातमोजे घालून डबा बाहेर काढायचा, विटेवर ठेवायचा, आणि पूर्ण निवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. या कलेत कष्ट असतील तर एवढेच, आणि सुरुवातीला बाईला तेवढेही झेपत नव्हते. ती झाकण उचलून डोकवायची, आत गार हवा शिरायची, काच तडकायची. "बघू तरी दे रे," असं ती त्या डब्याला विनवायची. कपडे धुण्याच्या खोलीची खिडकी उघडी असायची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

डार्ला जन्मली इथेच, ओहायोतल्या या केटल क्रीक गावात. शाळा इथलीच, नवरा इथलाच. तो एक दिवस ट्रक घेऊन निघून गेला. दुसरी बाई वगैरे काही नव्हतं, तेवढा उत्साहच नव्हता त्याच्यात. पोरंबाळं झाली नाहीत. सुपरमार्केटच्या बेकरीत ती केकवर नावं लिहायची. आयसिंगची पिशवी दाबत गावातल्या प्रत्येक पोराचं नाव तिने लिहिलं आहे. वाढदिवस, पदवी, निवृत्ती, सगळं तिच्या हातचं. एका जोडप्याच्या लग्नाचा केक तिने लिहिला आणि पुढे त्याच बाईने घटस्फोटाची मेजवानी दिली तेव्हा त्याही केकवर हिचंच वळणदार अक्षर. हात स्थिर होता, ते मी नाकारत नाही. स्वतः डार्ला निवृत्त झाली तेव्हा दुकानाने तिला केक दिला आणि त्यावर तिचं नाव तिलाच लिहायला लावलं, कारण दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. ही गोष्ट ती हसत हसत सांगते. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

पण म्हणून काय झालं? केकवर गुलाब काढता येतो म्हणून कोणी कलावंत होत नाही. डार्ला मात्र अर्ध्या हळकुंडाने अशी पिवळी झाली की विचारू नका. तिने कार्डं छापून घेतली, 'डार्ला फे स्टकी, अग्निकलावंत'. अग्नी कुठला? त्या मायक्रोवेव्हच्या दारावर अजून पॉपकॉर्नचं बटण आहे. तिला भडक, चमचमणारी काच आवडायची, आणि प्रत्येक तुकड्याला ती नाव द्यायची. एकदा तिने मला 'आत्म्याची पहाट' दाखवली. ती पहाट शर्टाच्या बटणापेक्षा मोठी नव्हती. पोस्टातल्या बाईच्या कानात डार्लाचे डूल, दातांच्या डॉक्टरकडच्या मुलीच्या गळ्यात डार्लाचं लॉकेट. गाव भिडेखातर घालत होतं, आणि हिला वाटत होतं की मागणी आहे.

मग तिचा कुत्रा बिस्किट मेला. म्हातारा, बहिरा, सोफ्यावर मुतणारा कुत्रा. त्याची राख घरी आली तेव्हा डार्लाने त्यातली चिमूटभर दोन काचांच्या मध्ये ठेवली आणि भट्टीत घातली. काच वितळून एक झाली, राख आत अडकली आणि तिच्याभोवती बारीक बुडबुडे धरले. ती ते लॉकेट गळ्यात घालून कुंपणाशी आली.

"बघ, आता कुठे पळून जाणार नाही."

"जिवंतपणी तरी कुठे पळत होता?" मी म्हटलं.

"तुझ्या लायलला आण की. मी करून देते."

लायल माझा भाऊ. त्याची राख माझ्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी कॉफीच्या डब्यात होती. तिचं काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं, म्हणून मी ठरवत नव्हते. "लायल आहे तिथे बरा आहे," मी म्हटलं, आणि घरात निघून आले.

बिस्किटनंतर लोक आपापली कुत्री-मांजरं घेऊन तिच्याकडे येऊ लागले. मग एकाने आई आणली. सगळे मागच्या गल्लीत गाडी लावून मागच्या दाराने यायचे. राखेचं काम चारचौघांत सांगायला लाज वाटते, आणि मायक्रोवेव्हचं त्याहून जास्त.

आता आमच्या कलामंडळाबद्दल सांगायला हवं. केटल क्रीक कलामंडळ म्हणजे मेथडिस्ट चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा जमणाऱ्या दहा-बारा बायका आणि एक लाकूड कोरणारा म्हातारा, जो झोपलेला असतो. अध्यक्षा विनिफ्रेड होलब्रुक. ती जलरंगात धान्याची कोठारं रंगवते. कोठार कायम लाल आणि छप्पर कायम तिरकं, वारा नसतानासुद्धा. पण हिचा नवरा हार्लन बँकेचा मॅनेजर होता, त्यामुळे त्या छपरावर कोणी बोट ठेवत नाही. बडा घर, पोकळ वासा. दुसरी मॅक्सीन. ती गोधड्या शिवते आणि मत मागितलं नसताना देते.

मंडळाचा एक रिवाज आहे. कोणाला सभासद व्हायचं असेल तर त्याने आपली एक वस्तू आणायची. ती टेबलाभोवती हातोहात फिरते. प्रत्येकाने तळहातावर धरायची, वजन घ्यायचं, उलटून पाहायची, आणि ती फिरून अध्यक्षांकडे परत येईपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. तोवर अर्जदार कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारच्या खुर्चीत बसून राहतो. मग हात वर करून मत. सभासद झालं की डिसेंबरच्या बाजारात स्वतःचं टेबल मिळतं आणि टेबलावर नावाची पाटी. लाकडी, कोरलेली. तो म्हातारा तेवढ्यासाठी जागा होतो.

डार्लाला ती पाटी हवी होती. टेबल नव्हे, विक्री नव्हे, पाटी. "माझं नाव, बर्नी," ती म्हणायची, "आणि ते खाऊन टाकायला कोणी येणार नाही."

वसंतात तिने अर्ज केला. तिचं लॉकेट फिरलं, परत आलं, आणि मॅक्सीनने विचारलं, "हे कुठल्या भट्टीत केलं?"

"मायक्रोवेव्हमध्ये," डार्ला म्हणाली, अगदी अभिमानाने.

बायका हसल्या. विनिफ्रेड हसली नाही. ती फक्त म्हणाली, "डार्ला, मायक्रोवेव्हमध्ये आम्ही कॉफी गरम करतो." एकही हात वर झाला नाही. डार्लाने लॉकेट रुमालात गुंडाळलं, सगळ्यांना थँक्यू म्हटलं आणि जाताना कॉफीची वापरलेली फडकी धुवायला घरी घेऊन गेली. मला तिचा असा राग आला! अपमान करून घ्यायचा आणि वर त्यांची फडकी धुवायची.

उन्हाळ्यात हार्लन होलब्रुक गेला. आणि पानगळीच्या सुमारास एका सकाळी मागच्या गल्लीत विनिफ्रेडची करडी गाडी उभी दिसली. मी मुळ्यांच्या वाफ्यात होते. ती गाडीतून उतरली, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि डोक्याला रुमाल बांधून डार्लाच्या मागच्या दाराशी गेली. आयुष्यभर नाकाने कांदे सोलणारी बाई, आणि आता चोरासारखी दार ठोठावते. मी मुळे उपटायचे सोडून उभी राहिले. तिने मला पाहिलं नाही.

ती गेल्यावर डार्ला कुंपणाशी आली. कोण आलं होतं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिच्या हातात औषधाची फुटकी, अर्धीच बाटली होती. पोटाच्या औषधाची, जुनी, गडद निळ्या काचेची. ती बाटली गावात सगळ्यांच्या ओळखीची. हार्लन होलब्रुक रोज जेवल्यावर तिच्यातून एक चमचा घ्यायचा, चर्चच्या सहभोजनात सुद्धा, आणि रिकामी झाली की नवीन औषध त्याच जुन्या बाटलीत ओतून घ्यायचा. प्लास्टिकच्या बाटलीने पोट साफ होत नाही म्हणायचा.

"काय निळा रंग आहे बघ," डार्ला म्हणाली. "खाली ही काच घालते, मध्ये राख, वरून माझी विकतची पारदर्शक काच. आरशासारखी चमक येईल."

"दोन जातींच्या काचा एकत्र?" मी म्हटलं. "जमतं का ते?"

"काच ती काच."

"अगं, मातीवर चुकीची झिलई चढवली तर निवताना एक जास्त आक्रसते, एक कमी. भट्टीतून छान निघतं आणि मग फडताळात बसल्या बसल्या तडकतं. माझे किती कप गेलेत असे. काचेचंही तसंच असणार."

"तुझी माती, माझी काच," डार्ला म्हणाली. "माझ्या दुकानाच्या काचेवर आकडा असतो, कोणती कोणाशी जुळते त्याचा. बाटलीवर नाही. नाही तर नाही. वितळली की सगळी एकच होते. आणि ऐक, हे काम नीट झालं ना, की मग मंडळात मला नाही म्हणणार नाहीत."

आता मला सगळं कळलं. पुढच्या सभेला तिचा पुन्हा अर्ज होता. विनिफ्रेडच्या गळ्यात आपलं काम असेल आणि विनिफ्रेड चारचौघांत आपलं नाव घेईल, असा बाईचा हिशेब. काच ती काच, आणि माणूस तो माणूस. दोन्हीकडे सारखीच अक्कल.

लॉकेट सुंदर झालं, हे मी सांगते, आणि मला ते सांगायला आवडत नाही. विनिफ्रेडला द्यायच्या आधी तिने ते मला कुंपणावरून दाखवलं. गर्द निळं, वरून पाण्यासारखं स्वच्छ, आणि आत बुडबुड्यांचा एक धूसर पट्टा. बँकेत बसून गावभर लोकांची कर्जं नाकारणारा हार्लन इतका देखणा कधीच दिसला नव्हता.

नोव्हेंबरची सभा. बाहेर कडाक्याची थंडी, तळघरात हीटर, भोपळ्याच्या वड्या, कॉफी. डार्ला अर्जदाराच्या खुर्चीत, मांडीवर ताटली, ताटलीत तिने अर्जासाठी आणलेला काचेचा मासा. मासा वाईट होता. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला होते आणि शेपटीवर ती चमचमणारी काच. पण तिचं लक्ष माशावर नव्हतंच. ती दाराकडे बघत होती.

विनिफ्रेड आली, कोट काढला, आणि गळ्यात ते लॉकेट.

"अगं बाई," मॅक्सीन म्हणाली, "हे कुठून आणलंस?"

डार्ला खुर्चीत सरळ बसली. केस मागे सारले.

"कोलंबसहून," विनिफ्रेड म्हणाली. "एका गॅलरीतून. मोठा कलावंत आहे. त्याच्याकडे नंबर लावावा लागतो."

मी डार्लाकडे पाहिलं. ती हसतच होती. चेहऱ्यावर आलेलं हसू मागे घ्यायला तिला वेळ लागला, आणि मग ते तसंच राहून गेलं. मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही. मीही बोलले नाही. मला बघायचं होतं की विनिफ्रेड किती खोटं बोलू शकते.

"काढ ना, फिरवू या," मॅक्सीन म्हणाली.

विनिफ्रेडला नाही म्हणता येईना. लॉकेट हातोहात फिरलं, रिवाजाप्रमाणे, कोणी न बोलता. प्रत्येकीने वजन घेतलं, उजेडात धरलं. माझ्याकडे आलं तेव्हा थंडीतून आल्याने अजून गार होतं. ते परत अध्यक्षांपाशी पोचलं आणि मग तोंडं सुटली.

"याला म्हणतात काच."

"हात बघा त्या माणसाचा."

"आणि आपल्याकडे," मॅक्सीन म्हणाली, खुर्चीकडे न बघता, पण खुर्चीला ऐकू जाईल अशा बेताने, "आपल्याकडे लोक पॉपकॉर्नच्या यंत्रात दागिने भाजतात."

विनिफ्रेडने मान हलवली. नुसती हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते ज्याचं त्याने ठरवावं. तिने लॉकेट आपल्या समोर ठेवलं, ते नेमकं कॉफी गरम ठेवायच्या विजेच्या तापल्या थाळीवर. कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्याजणी बोलत होत्या.

टिक्.

आवाज लहानच होता. वरची पारदर्शक काच निळ्या काचेपासून सुटली आणि दोन तुकडे होऊन बाजूला पडली. आतली राख सांडली, थोडी थाळीवर, थोडी शेजारच्या भोपळ्याच्या वड्यांवर. जास्त नव्हती. बोट टेकवलं तर बोटाला लागेल एवढीच.

"शी, ही कसली धूळ," मॅक्सीन म्हणाली आणि ओलं फडकं उचललं. "कोलंबसच्या त्या भामट्याकडून पैसे परत माग."

विनिफ्रेडचं तोंड पांढरं पडलं होतं. तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. नवरा होता तो तिचा. त्याच्याबरोबर सारा जन्म काढला, आणि आता मॅक्सीन त्याला फडक्याने पुसून मोरीत पिळणार होती. विनिफ्रेडने तोंड उघडलं आणि मिटलं. अब्रू राखायची म्हणजे काय राखायचं ते त्या दिवशी मी पाहिलं. किळस आली मला.

"पुसू नका," डार्ला म्हणाली.

ती उठून आली होती. मासा खुर्चीवरच.

"मॅक्सीन, फडकं खाली ठेव. तो हार्लन आहे."

डार्लाने कॉफी गाळायचा कोरा कागद घेतला, खिशातून आपलं कार्ड काढलं, आणि त्या कार्डाच्या कडेने राख गोळा करायला लागली. थाळीवरची आधी. मग वडीवरची, वरवरचा थर खरवडून, साखरेचा एक कण न उचलता. केकवर चुकलेलं अक्षर काढताना काढायची तसं. सगळी राख कागदात घेतली, कागदाची पुडी केली आणि विनिफ्रेडसमोर ठेवली. कार्ड पुसून खिशात ठेवलं.

"चूक माझी," ती म्हणाली. "मी म्हटलं काच ती काच. नसते. बर्नीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्या बाटलीचं उरलेलं तुमच्याकडे आहे ना? ते घेऊन या. या वेळी खाली-वर दोन्हीकडे त्याच बाटलीची काच घालते. विकतची नको. चमकणार नाही तेवढं, जरा जाड आणि ओबडधोबड होईल. पण एकाच बाटलीची असली की भांडत नाही."

तिने विनिफ्रेडला खोटारडी म्हटलं नाही. तिला ते सुचलंच नव्हतं, मी शपथेवर सांगते. ती काचेबद्दल बोलत होती. आणि टेबलाभोवती सगळ्या बायका विनिफ्रेडकडे बघत होत्या. म्हातारासुद्धा जागा झाला होता.

विनिफ्रेडने ती पुडी दोन्ही हातांत धरली. कोलंबस अजूनही वाचवता आलं असतं. "काय बोलतेस तू," एवढं म्हटलं असतं की मॅक्सीनने पुढचं सगळं केलं असतं.

"गुरुवारी किती वाजता येऊ?" विनिफ्रेड म्हणाली.

"जेवण झाल्यावर या. सकाळी मी कपडे धुते, खोलीत जागा नसते."

यानंतर मत घ्यायचं होतं, कारण रिवाज तो रिवाज. मासा फिरला. कोणाच्या तोंडून शब्द नाही, पण तसाही तो रिवाजच. विनिफ्रेडने विचारलं, "कोण बाजूने?" तिचे दोन्ही हात पुडीवर होते आणि तिने ते काढले नाहीत. मॅक्सीन वड्यांकडे बघत होती. माझाही हात वर गेला नाही. का जावा? मासा वाईटच होता. दया म्हणून कोणाला सभासद करायचं असेल तर त्या म्हाताऱ्याइतकेच आपण सगळे झोपलेले बरे. डार्लाने मासा रुमालात गुंडाळला आणि या वेळी फडकी घरी नेली नाही. ती तशीच ओली टेबलावर पडून राहिली, आणि आता ती कोणी धुवायची हे ठरायला आम्हाला दोन सभा लागल्या.

तेव्हापासून मंडळाचा नियम जसाच्या तसा आहे. मायक्रोवेव्हवाल्यांना प्रवेश नाही. मात्र गुरुवारी दुपारी आमच्या मागच्या गल्लीत मंडळाच्या बायकांच्या गाड्या उभ्या दिसतात. मॅक्सीनचीही असते, तिची आई इतकी वर्षं तिच्या कपाटात होती म्हणे. सगळ्या रुमाल बांधून येतात, काखेत काहीतरी लपवून. कोणाच्या हातात अत्तराची बाटली, कोणाच्या लोणच्याची बरणी. डार्लाने आता विकतची काच सोडली. चमचमही गेली. 'आत्म्याची पहाट' वगैरे नावंही गेली. ती फक्त विचारते, "काय प्यायचे? काय खायचे?" आणि त्याचीच काच आणायला सांगते.

मीही गेले. माझ्या मागच्या दारातून तिचं मागचं दार म्हणजे कुंपण ओलांडलं की झालं. पण मी कोट घातला, सगळा वळसा घालून पुढच्या रस्त्याने गेले, भर दुपारी, एका काखेत लायलचा कॉफीचा डबा आणि दुसऱ्या हातात त्याच्या आवडत्या बिअरची तपकिरी बाटली. समोरच्या घरातला माणूस पानं गोळा करत होता, त्याने हात केला. मी बाटली वर करून त्याला दाखवली. डार्लाने दार उघडलं आणि म्हणाली, "अगं, तू पुढून कशाला आलीस? इकडे सगळा पसारा आहे." मी म्हटलं, "असू दे. लायल पाहुणा आहे."

ते लॉकेट कुरूप आहे. खडबडीत, मधाच्या रंगाचं, एका कडेला जाड. तडकलेलं नाही.

डिसेंबरच्या बाजारात माझं टेबल विनिफ्रेडच्या टेबलाशेजारी होतं. दोन्हींवर पाट्या होत्या, कोरलेल्या, आमच्या नावांच्या. कोणीतरी बाहेरगावची बाई आली. तिने विनिफ्रेडच्या तिरक्या कोठारांकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ तिच्या गळ्यातल्या जाड निळ्या काचेकडे बोट केलं.

"हे कोणी केलं हो?"

विनिफ्रेडने माझ्याकडे पाहिलं. मी हातातला कप पुसत राहिले.

"डार्ला स्टकी," विनिफ्रेड म्हणाली. आवाज लहान होता, पण नाव पूर्ण घेतलं. "मेपल रस्ता. गल्लीतून जा, मागचं दार."

"पुढचं," मी म्हटलं.